परळचे हाफकिन साहेब

दादरहून दक्षिणेस परळकडे गेले म्हणजे झाडांनी वेढलेल्या एका विस्तीर्ण आवारात एक जुनी व भव्य इमारत दृष्टीस पडते. पूर्वी ह्या जागी पोर्तुगीज ख्रिस्ती संन्याशांचा मठ होता. पुढे तो इंग्रजांच्या हाती येऊन गव्हर्नर साहेबांचे राहण्याचे घर झाला. इ. स. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन साहेबांच्या पत्नी ह्याच घरी पटकीने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी ते घर सोडून मलबार टेकडीवर समुद्रकाठी राहणे पसंत केले. रोगाच्या भयाने मोठ्या लोकांनी सोडलेल्या ह्या घरात १८९९ साली रोगाशी झुंजणारी प्रयोगशाळा उघडण्यात आली, आणि १९२५ पासून ती ज्या पुरुषाच्या नावाने ओळखली जाते त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

साप चावल्यावर टोचण्याचे जे औषध खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत पोहोचले, ते कित्येक वर्षे ह्याच आवारात तयार होत आले. म्हणून हाफकिन हे नाव आमच्या अनेक वाचकांच्या कानावरून गेले असेल. परंतु तो मनुष्य कोण होता, त्याने आपले काम कोणत्या रीतीने केले, आणि त्या कामापायी त्यास काय सोसावे लागले, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. शिक्षक असो, कंपाउंडर असो, सुईण असो की मंडळीचा हिशेब ठेवणारा असो, ज्याच्या हाती दुसऱ्याचे बरेवाईट सोपविलेले आहे अशा प्रत्येकास ह्या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

जन्म आणि विद्याभ्यास

वाल्देमार मर्दखय हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा ह्या बंदराच्या शहरी एका यहूदी व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते शहर तेव्हा रशियाच्या बादशाहीत होते. एस्तेरच्या पुस्तकात ज्या मर्दखयाची कथा आपण वाचतो त्याचेच नाव त्यांना मिळाले होते. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. मेचनिकॉफ नावाचे विख्यात पंडित त्यांचे गुरू होते.

त्या काळी रशियात यहूदी लोकांचा फार छळ होत असे. १८८१ साली ओडेसात दंगा होऊन यहूद्यांची घरेदुकाने लुटली जाऊ लागली, तेव्हा तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणास उभे राहिले. त्यात ते जखमी झाले आणि वर त्यांनाच पकडण्यात आले. गुरूंनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली.

पुढे त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना अध्यापकाची जागा मिळण्याचा योग आला. परंतु तीस एक अट होती. यहूदी धर्म टाकून रशियातील राजमान्य ख्रिस्ती मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे जागा मिळेल. हाफकिन ह्यांनी ती जागा नाकारली, आणि शहरातील प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात लहानसे काम पत्करले.

ही गोष्ट वाचताना आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालावी हे उचित आहे. बाप्तिस्मा हा नोकरीचा मोबदला म्हणून मागणारे लोक ख्रिस्ती म्हणविणारे होते, आणि जिवंत देवाविषयीची गोष्ट पगारासाठी विकणार नाही असे आचरणाने दाखविणारा मनुष्य यहूदी होता. पोटासाठी धर्म बदलला असा टोमणा आमच्या खेड्यांतील कित्येक बांधवांना ऐकावा लागतो. ज्याने अंतःकरणापासून विश्वास धरिला त्यास ह्या टोमण्याचे भय नको. तथापि जो पुरुष आपल्या अंतःकरणाशी खोटे बोलला नाही, तोच पुढे आपल्या धंद्यातही खोटे बोलला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. काही काळ ते जिनिव्हा येथे होते. मग पॅरिस शहरी पाश्चर साहेबांच्या संस्थेत ते गेले. तेथे शास्त्रज्ञाची जागा मोकळी नव्हती, म्हणून त्यांनी ग्रंथालयातील साहाय्यकाची नोकरी धरिली. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेल्या वेळी जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. हलक्या जागेची त्यांनी लाज बाळगली नाही. थोड्याच काळात त्यांना प्रयोगशाळेत घेण्यात आले.

प्रथम आपला दंड

त्या वर्षांत युरोपात पटकीची मोठी साथ आली होती. पटकीचे जंतू घेऊन त्यांपासून रोगाला अटकाव करणारी लस तयार करावी, असा हाफकिन ह्यांनी निश्चय केला. ससे व इतर जनावरांवर लस गुणकारी ठरली. परंतु जनावरास जे मानवते ते माणसास मानवेल की नाही हे कोणास ठाऊक? कोणा माणसाला तरी ती प्रथम टोचली पाहिजे होती.

अशा वेळी धनवानाच्या हाताशी नोकर असतो, राजाच्या हाताशी कैदी असतो. हाफकिन ह्यांनी १८ जुलै १८९२ रोजी ती लस स्वतःस टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, आणि काही दिवसांनी ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी आपल्या मित्रांस टोचले, आणि मग आपला शोध विद्वानांच्या सभेपुढे मांडला.

१८९३ साली ते कलकत्त्यास आले. पटकीचे माहेरघर बंगाल, म्हणून खरी परीक्षा तेथेच व्हावयाची होती. ते वैद्यकीची पदवी घेतलेले नव्हते आणि परक्या देशाचे होते, त्यामुळे सरकारी डॉक्टरांपैकी कित्येक त्यांच्याकडे संशयाने पाहत. लोकांचा तर सुईवरच विश्वास नव्हता. कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत त्यांनी हिंदी डॉक्टरांस बरोबर घेतले आणि लोकांच्या देखत प्रथम त्या डॉक्टरांनी टोचून घेतले. मग वस्तीतील लोक पुढे आले. आसामच्या चहामळ्यांतही ते हिंडले. दोन अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांनी लस टोचून घेतली. ह्या श्रमाने व हिवतापाने प्रकृती ढासळून १८९५ साली त्यांना विलायतेस परतावे लागले. परंतु पुढल्याच वर्षी ते पुन्हा हिंदुस्थानात हजर झाले.

मुंबईवर आलेले संकट

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईस मांडवी भागात डॉ. व्हिएगस ह्यांना काही रोग्यांच्या जांघेत व काखेत गाठी दिसल्या. हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, असे त्यांनी ओळखले. पाहता पाहता रोग मांडवीहून गिरगाव, भायखळा, परळ असा पसरला. गिरण्यांतील माणसे मुलेबाळे घेऊन कोकणात व घाटावर निघून गेली. शहराच्या सुमारे आठ लाख वस्तीपैकी जवळजवळ निम्मे लोक काही महिन्यांत मुंबई सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. आजोबा पणजोबांच्या काळी सगळे गाव माळावर झोपड्या घालून राहिले होते, अशा गोष्टी आमच्या घराघरांत अजून सांगतात त्या ह्याच काळापासूनच्या.

रोग उंदरांवरील पिसवांपासून माणसास होतो हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. म्हणून अधिकाऱ्यांनी घरे तपासावी, रोग्यास ओढून इस्पितळात न्यावे, घरच्या माणसांस छावणीत ठेवावे, सामानसुमान जाळावे, असा मार्ग धरिला. १८९७ साली त्यासाठी कायदाही झाला. हेतू रोग थांबविण्याचा असला तरी रीत अशी होती की लोकांच्या मनात रोगापेक्षा इस्पितळाचे भय अधिक बसले. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुण्यास १८९७ च्या जून महिन्यात रँड साहेबांवर गोळी झाडण्यात आली. त्याच सालच्या मार्च महिन्यात पुण्याच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करिता करिता त्याच रोगाने वारल्या होत्या. एकीकडे धाक आणि दुसरीकडे प्रीती, अशा दोन्ही रीती त्या दिवसांत लोकांनी पाहिल्या.

अशा वेळी, १८९६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी, सरकारने हाफकिन ह्यांना मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक पडवी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई एवढीच माणसे. प्लेगाला अटकाव करणारी, माणसास देता येण्याजोगी लस तेव्हा कोणापाशी नव्हती. हाफकिन रात्रंदिवस कामास लागले.

लस करण्याची त्यांची रीत समजण्यास कठीण नाही. मांसाचे कढण करून ते काचेच्या चंबूत भरावे आणि त्यात प्लेगाचे जंतू सोडावे. वर तुपाचे काही थेंब टाकिले म्हणजे जंतू त्या थेंबांना धरून गुहेतील लोंबत्या दगडांसारखे खाली वाढत जात. पुरेसे वाढले म्हणजे उष्णता देऊन ते मारावे, थोडे कार्बोलिक घालावे, आणि मेलेल्या जंतूंचे ते पाणी माणसास टोचावे. म्हणजे शरीर त्या शत्रूस ओळखू लागते आणि खरा शत्रू आला तर त्याशी लढण्यास सज्ज असते. येथेही त्यांची एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हिंदूस गाईचे व मुसलमानास डुकराचे मांस वर्ज्य, म्हणून त्यांनी कढणास बकऱ्याचे मांस घेतले. बाटलीत काय आहे हे टोचून घेणारास कधी दिसणार नव्हते. तरी न दिसणाऱ्या गोष्टीतही त्यांनी लोकांची मने सांभाळली.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी कॉलेजच्या प्रमुखांसमोर डॉ. सर्व्हेअर ह्यांच्या हातून हाफकिन ह्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. पुढे लोकांस जेवढी मात्रा देण्यात येई तिच्या कितीतरी पट अधिक मात्रा त्यांनी स्वतः घेतली होती. कडक ताप आला, अंग दुखले, पण ते आपले काम करीतच राहिले. बरे झाल्यावर त्यांनी ही गोष्ट कॉलेजात सांगितली, तेव्हा कित्येक डॉक्टर व प्रतिष्ठित गृहस्थ टोचून घेण्यास आपण होऊन पुढे आले.

खरी नोंद

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले, आणि जे राजी झाले त्यांना टोचण्यात आले. ते सुमारे निम्मे होते. दोन्ही प्रकारचे कैदी एकच अन्न खात होते व एकाच छपराखाली राहत होते. टोचण्याच्याच दिवशी ज्यांना रोगाने गाठले होते त्यांचा हिशेब निराळा ठेवण्यात आला. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले आणि दोघेही वाचले.

पुढल्या वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, बडोद्याजवळच्या उंढेरा गावी त्यांनी ह्याहून मोठी परीक्षा केली. घरोघरची माणसे गोळा करून प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्यांस टोचले आणि नावनिशीवार नोंद केली. काही आठवड्यांनी सरकारी डॉक्टरांसह घरोघर जाऊन विचारपूस केली. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता, त्यांत न टोचलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली. टोचलेली ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली.

ह्या आकड्यांत ते ३ मृत्यूही आहेत, हे वाचकांनी पाहावे. आपल्या मालाची स्तुती करणारा व्यापारी असता तर ते ३ त्याने गाळले असते. हाफकिन ह्यांनी आपली लस रोग मुळीच होऊ देत नाही असे कधी म्हटले नाही. ती धोका कमी करिते, आणि किती कमी करिते, एवढेच त्यांनी मोजून सांगितले. घरातील निम्म्यांस टोचून निम्म्यांस तसेच ठेवावे, हे आज वाचताना मनास लागते. आता असे प्रयोग करण्यास पुष्कळ कडक नियम झाले आहेत, आणि ते योग्यच आहेत. परंतु लस लाभाची की हानीची हेच तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, आणि ते सिद्ध झाल्यावाचून लाखो लोकांस टोचणे त्यांना पाप वाटे.

लस टोचून घेणे ऐच्छिक होते. खोजा मंडळींचे तरुण मुख्य आगाखान ह्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेस आपला एक बंगला दिला. हुबळी व धारवाडकडे १८९८ साली हजारो लोकांनी टोचून घेतले. काम वाढत गेले, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर सँडहर्स्ट साहेबांच्या हस्ते परळच्या त्या जुन्या राजवाड्यात प्रयोगशाळा सुरू झाली. एक खोली, एक पडवी व तीन शिपाई ह्यांनी आरंभिलेले काम तीन वर्षांच्या आत तेथवर आले होते.

मुलकोवालची बाटली

आता चरित्राचा कठीण भाग येतो. १९०२ साली पंजाबात प्लेग फार माजला. तेथील सरकारने लाखो लोकांस टोचण्याचे ठरवून परळकडे लशीची मोठी मागणी केली. काम लवकर उरकावे म्हणून हाफकिन ह्यांनी लस करण्याची नवी रीत घेतली. तीत कार्बोलिक वगळून केवळ उष्णतेवर भिस्त होती. पॅरिसच्या संस्थेत अशी रीत आधीपासून चालू होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांस टोचण्यात आले. आठवड्याभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मृत्यू पावले. ह्या १९ जणांस एकाच बाटलीतील लस टोचली होती. तिच्यावर ५३-एन असा अंक होता. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांतील लस ज्यांना मिळाली त्यांना काही झाले नाही.

ही बाटली ४१ दिवसांपूर्वी परळहून निघालेली होती. धनुर्वाताचे जंतू तीत शिरले कोठे? परळास, की मुलकोवालास? सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश जेंकिन्स साहेब तिचे प्रमुख होते. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झालेली होती, म्हणजे दोष परळचा, असा समितीने निकाल दिला. कार्बोलिक वगळल्याचा ठपकाही ठेवण्यात आला. हाफकिन ह्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले आणि ते १९०४ साली लंडनला गेले. ज्या मनुष्याने लाखोंचे प्राण वाचविण्याचा मार्ग काढला, तो १९ जणांचा घातक ठरला.

परंतु चौकशीच्या कागदांतच दुसरी एक गोष्ट पडलेली होती. मुलकोवालास बाटलीचे बूच काढताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. जमिनीवरील धुळीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे खेड्यातल्या माणसास सांगावयास नको. बैलाच्या खुराने झालेल्या जखमेतूनही तो रोग होतो. असा पडलेला चिमटा जाळावर धरून शुद्ध करावा असा नियम होता. त्या मदतनीसाने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून घेतला आणि त्यानेच बूच धरिले. शिवाय, ती बाटली उघडणाऱ्या डॉक्टरास तिला कसलीच घाण आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस तीत वाढले असते तर ती उघडताच दुर्गंधी सुटली असती.

हे कागद लोकांपुढे येण्यास अनेक वर्षे लागली. ते आले तेव्हा लंडनचे प्रोफेसर सिम्पसन आणि हिवताप डासांपासून होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस ह्यांनी हा अन्याय उघड करण्याचा चंग बांधला. १९०७ च्या जुलै महिन्यात दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्स पत्रात छापून आले. परळचा दोष सिद्ध होत नाही, उलट बाटली मुलकोवालासच दूषित झाली असा भक्कम पुरावा आहे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी सरकारने हाफकिन ह्यांना पुन्हा नोकरी देऊ केली. पाच वर्षांनी त्यांच्यावरील बट्टा गेला.

परंतु परळ त्यांना परत मिळाले नाही. तेथे दुसरे अधिकारी काम पाहत होते. हाफकिन कलकत्त्यास गेले. तेथे माणसांवर नव्या लशींची परीक्षा करण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. तरी ते १९१४ साली निवृत्त होईपर्यंत आपल्या खोलीत अभ्यास करीत राहिले. उतारवयात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचरणात अधिकच रमले. त्यांनी लग्न केले नव्हते. साठविलेले धन पूर्व युरोपातील यहूदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी ठेविले, आणि त्या मुलांना धर्मशिक्षणाबरोबर शास्त्र व हातचा धंदाही शिकविला जावा अशी इच्छा दर्शविली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ पासून त्या सालापर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडातील लोझान शहरी हाफकिन वारले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढिले.

आपण काय घ्यावे

ह्या चरित्रात थोर शोध आहे, पण आपल्यापैकी कोणी लस शोधून काढणार नाही. मग ह्यातून आपल्यास घेण्याजोगे काय?

आपण त्या चिमट्याचा विचार करू. तो मदतनीस दुष्ट नव्हता. कोणाचा जीव घ्यावा असे त्याच्या मनात नव्हते. रांग मोठी असेल, साहेब घाईत असतील, चूल किंवा दिवा दूर असेल. त्याने चिमटा तसाच वापरला असेही नाही; त्याने तो थोडासा धुतला. हे थोडेसे धुणे आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. शाळेत न आलेल्या मुलाची हजेरी मांडणे, सुईणीने हात साबणाने न धुता नुसते पाण्याने ओले करणे, मंडळीच्या वर्गणीतले दोन रुपये उद्या भरू म्हणून आज खर्चणे, औषध मोजून न देता अंदाजाने ओतणे, ही सगळी त्याच जातीची कामे होत. शंभरदा त्यापासून काही होत नाही, म्हणून मनुष्य निर्धास्त होतो. आणि एका दिवशी १९ घरांत आकांत होतो. शिवाय त्या चुकीचे ओझे शेकडो कोस दूरच्या निरपराध मनुष्याच्या माथी पाच वर्षे बसते. आपल्या हातातले काम कोठवर पोहोचेल हे आपल्यास दिसत नाही. म्हणूनच ते पुरते करावे लागते.

दुसरी गोष्ट नोंदीची. बाटलीवर अंक होता, कोणास कोणत्या बाटलीतून टोचले हे लिहिलेले होते, चिमटा पडल्याची हकीकत कागदावर आली होती. म्हणून सत्य दडपले गेले तरी मेले नाही. त्या १९ जणांची व इतरांची नोंद निराळी नसती, तर सगळी लसच विषारी ठरली असती, आणि पुढे ज्या कोट्यवधी लोकांस तिचा लाभ झाला तो झाला नसता. आमचे कित्येक शिक्षक व उपदेशक हिशेबाची वही ही वरिष्ठांनी लावलेली कटकट समजतात. खरी लिहिलेली वही ही प्रामाणिक मनुष्याची मोठी साक्षीदार असते. आपल्यास सोयीचे तेवढेच लिहिणारास संकटाच्या दिवशी साक्षीदार उरत नाही.

तिसरी गोष्ट न्याय करणारांची. ते न्यायाधीश व डॉक्टर विद्वान होते. तरी जे कागद त्यांच्यासमोर होते त्यांचे वजन त्यांनी नीट केले नाही, आणि परक्या मनुष्याकडे बोट दाखविणे सोपे गेले. गावच्या पंचांत आणि मंडळीच्या सभेत आपणही बसतो. एखाद्या बंधूवर आळ आला की तो परजातीचा, परगावचा किंवा गरीब आहे म्हणून आपला निकाल लवकर होतो काय? ज्याचे ऐकून घेण्यास वेळ लागतो त्याचे अधिक ऐकावे. सिम्पसन व रॉस ह्यांना ह्या खटपटीत स्वतःचा काही लाभ नव्हता. आपल्या धंद्यातील एका मनुष्यावर अन्याय झाला असता गप्प बसणे हेही त्या धंद्याशी बेइमानी करणे आहे, असे त्यांनी मानिले.

शेवटची गोष्ट ही की, जे दुसऱ्यास करावयास सांगावयाचे ते हाफकिन ह्यांनी आधी स्वतः केले. पटकीच्या लशीच्या वेळी तसेच आणि प्लेगच्या लशीच्या वेळीही तसेच. कैद्यांपुढे ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या अंगात ती लस गेलेली होती. मुंबईच्या लोकांनी बंदुकीला व झडतीला दाद दिली नाही, पण अशा मनुष्याच्या सुईपुढे हळूहळू हात पुढे केला. दानधर्म शिकविणाऱ्याने प्रथम आपली पिशवी उघडावी, दारूबंदीवर बोलणाऱ्याने प्रथम आपले घर पाहावे, मुलींना शाळेत पाठवा म्हणून सांगणाऱ्याने आपली मुलगी शाळेत बसवावी. ह्यावाचून खेड्यात कोणी आपले ऐकत नाही, आणि ऐकू नये हेच बरे.

परळच्या त्या आवारावरून जाणाऱ्या वाचकांनी ती इमारत एकदा जरूर पाहावी. ज्यांचे मुंबईस जाणे होत नाही त्यांनी आपल्या गावच्या दवाखान्यातील कंपाउंडर आपले काम नीट करितो की नाही, हे पाहण्याआधी आपल्या हातातील काम आपण आज पुरते शुद्ध केले की थोडेसेच धुतले, हे देवासमोर एकांतात पाहावे.